अजून थोडी नीळ

६ जानेवारी, सोमवार

फरहीन म्हणाली, "अब्बा, पडद्यावर जे दिसतं ते लिहून ठेवत जा. तोंडी सांगताना तुम्ही मधेच पाण्याच्या टाकीचं सांगायला लागता." म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून फुकट मिळालेली ही डायरी काढली. घरी आम्ही हिंदीत बोलतो, पण सातवीपर्यंत थेरगावच्या मराठी शाळेत होतो, त्यामुळे कागदावर हात मराठीतच चालतो. तिच्या कामाचे असेल तेवढे फोनवर वाचून दाखवीन. बाकीचे माझ्यापाशी राहील.

काम असे आहे. डांगे चौकाजवळच्या गल्लीत माझे टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. अजून आहे, पण दुरुस्तीला कोणी येत नाही, म्हणून शटर अर्धेच उघडतो. दुकानात एक जुना घरगुती कॉम्प्युटर आहे. नुसता कीबोर्ड दिसतो, सगळे त्याच्याच पोटात, आणि पडदा म्हणून टीव्ही जोडायचा. एका गृहस्थाने तो दुबईहून आणला होता, दुरुस्तीला टाकला आणि परत आलाच नाही. त्याच्या नावाची चिठ्ठी मी अजून बांधून ठेवली आहे. उद्या आला आणि म्हणाला माझा कॉम्प्युटर कोणी वापरला, तर?

फरहीन हिंजवडीला कंपनीत होती. दिवाळीच्या सुमारास कंपनीने माणसे कमी केली, त्यात ती गेली. आता रहाटणीला घरी बसून तिने एक प्रोग्राम लिहिला आहे. नाव 'चौकट'. जगभरचे जुन्या कॉम्प्युटरचे शौकीन तो वापरून बघतात आणि तिला कळवतात. मोबाइलवरचा कुठलाही फोटो तो असल्या जुन्या कॉम्प्युटरला कळेल असा करून देतो. त्या कॉम्प्युटरला रंग मोजकेच येतात, आणि पडदा बारीक बारीक चौकटींत वाटलेला असतो. एका चौकटीत दोनच रंग मावतात. माणसाच्या एका गालातच किती रंग असतात. त्यातले कुठले दोन ठेवायचे, हेच त्या प्रोग्रामचे सगळे डोके.

बंगळूरला जुन्या यंत्रांचे एक संग्रहालय होते आहे. येणाऱ्या माणसाचा फोटो काढून तो जुन्या कॉम्प्युटरवर दाखवायचा, असे त्यांचे चालले आहे. दोन प्रोग्राम त्यांनी निवडले आहेत, एक फरहीनचा. फेब्रुवारीअखेर एक ठेवतील. तिचा ठेवला तर देखभालीची नोकरीही तिलाच, घरबसल्या. दुसऱ्या माणसाकडे खरा जुना टीव्ही नाही, तो सगळे नव्या पडद्यावर बघून ठरवतो. फरहीन म्हणते, "माझ्याकडे तुमचे डोळे आहेत."

हे ऐकल्यापासून जेवण नीट जात नाही.

८ जानेवारी, बुधवार

नवी सोय आली. नाव 'ठिपके'. दोन रंगांचे ठिपके शेजारी शेजारी टाकले की लांबून तिसरा रंग वाटतो. वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे.

फरहीन चित्र आवाजाच्या रूपात मोबाइलवर पाठवते. मोबाइलपासून कॉम्प्युटरला वायर लावायची आणि आवाज वाजवायचा. किर्रर्र असा आवाज होतो आणि पडद्यावर एकेक रेघ उमटते. आधी सगळे काळे-पांढरे, रंग शेवटी टपाटप पडतात.

तपासणीला आमचा लोणावळ्याचा फोटो घेतला आहे. मी आणि माझी बायको कनीज. तिच्या अंगावर अस्मानी दुपट्टा आहे, तो मीच घेऊन दिला होता. पडद्यावर तो राखेसारखा आला.

फोनवर सांगितले, "निळा नाही."

"बाकीच्यांना बरोबर दिसतोय, अब्बा."

"मला दिसत नाही."

ती म्हणाली, "ठीक आहे. खरा टीव्ही तुमच्याकडेच आहे."

घरी येऊन कनीजला तो दुपट्टा काढायला लावला. तोही विटला आहे. कनीज म्हणाली, "काय विटला? आहे तसा आहे." तिचे लक्ष नसते.

११ जानेवारी, शनिवार

टीव्हीचा दोष असणार. पिक्चर ट्यूब म्हातारी झाली की एकेक रंग सोडते. टीव्हीसमोर आरसा ठेवला, मागचे झाकण काढले आणि आरशात बघत निळ्याचा स्क्रू फिरवला. टीव्ही दुरुस्त करणारे सगळे असेच करतात. स्क्रू मागे, चित्र पुढे, मान तेवढी लांब नसते.

पाव फेरा दिला. काही नाही. अर्धा दिला, तेव्हा थोडा जीव आला. पुढे द्यायची भीती वाटते. ट्यूब गेली तर दुसरी मिळणार नाही, आणि फरहीनकडे मग माझे काय उरले?

१४ जानेवारी, मंगळवार

ज्योतीराम तिळगूळ घेऊन आला. दुकानाचा गाळा त्याचाच, माणूस थेरगावच्या जुन्या घराण्यातला. शेतीच्या जागेवर आता त्याच्या तीन इमारती आहेत, तरी दुपारी माझ्याच मोडक्या खुर्चीत येऊन बसतो. पडद्यावर लोणावळा होता. त्याने बराच वेळ बघितले.

"हनीफराव, वहिनीला थंडी वाजतीया का वो?"

"का?"

"ओठ बगा की. आन तुमी तर पार गारठून गेल्यावानी दिसताय."

त्याला या विषयातले काही कळत नाही. तिळगूळ चांगला होता.

१७ जानेवारी, शुक्रवार

जुम्म्यासाठी पांढरा कुर्ता काढला तर पिवळट. कनीजला विचारले, "नीळ घालायची सोडलीस का?"

"परवाच घातली."

"मग बाटलीत पाणी मिसळलेलं असेल. हल्ली सगळ्यात मिसळतात."

"कुर्ता पांढराशुभ्र आहे. उजेडात बघा."

उजेडातच बघत होतो. वाद वाढवला नाही. पुढच्या धुण्याला अजून थोडी नीळ घाल, एवढे सांगितले.

२० जानेवारी, सोमवार

माझ्या सांगण्यावरून फरहीनने प्रोग्राममध्ये निळ्याचे पारडे जड केले आहे. म्हणजे चौकटीत कुठला रंग ठेवावा अशी शंका आली की प्रोग्राम निळ्याकडे झुकेल. दुपट्टा आता जरा दुपट्ट्यासारखा आला. सांगितले, बरे आहे, पण अजून थोडा हवा.

"अजून?"

"अजून थोडा."

संध्याकाळी घरी येताना बघितले, रस्त्यावर नवे दिवे लावले आहेत. फार हलके काम. प्रत्येक दिव्याला काटे फुटल्यासारखे दिसतात. समोरून दुचाकी आली की तिच्या दिव्याचे साळिंदर होते. ज्योतीरामला विचारले तर म्हणाला दिवे जुनेच आहेत. त्याचे लक्ष नसते.

२४ जानेवारी, शुक्रवार

कुर्ता आता कुठे पांढरा झाला. कनीज बाटली कपाटात ठेवत म्हणाली, "लोक हसतील." मशिदीत दोघे-तिघे माझ्याकडे वळून बघत होते. फार दिवसांनी स्वच्छ कपड्यातला माणूस दिसला की बघतातच.

२७ जानेवारी, सोमवार

नवी आवृत्ती जगभर गेली आणि तक्रारी आल्या. फरहीनने वाचून दाखवल्या. एक म्हणतो, माझी बायको बुडालेली वाटते. एक म्हणतो, मांजर नारिंगी आहे, ते जांभळे का आले? एकाने नुसते विचारले आहे, का?

पण एक पत्र वेगळे होते. जर्मनीचे हेल्मुट साहेब, टपाल खात्यातून निवृत्त. त्यांनी लिहिले आहे की इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी निळा रंग निळा दाखवला. बाकी सगळे प्रोग्राम मळके असतात. ज्याने हे केले त्याची नजर शाबूत आहे.

फरहीनला ते पत्र परत वाचायला लावले.

ती म्हणाली, "एकच आहे, अब्बा. बाकी सगळे ओरडतायत."

मी म्हणालो, "बाकीच्यांकडे खरे टीव्ही आहेत का विचार. याच्याकडे असणार." तिने विचारले. होता. जुना, लाकडी पेटीतला. तेव्हा तिने निळा आहे तसाच ठेवला. हेल्मुट साहेब चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. अनुभव बोलतो.

२ फेब्रुवारी, रविवार

ज्योतीराम संत तुकाराम नगरला डोळ्यांच्या मोफत शिबिरात घेऊन गेला. मला काही गरज नव्हती, त्याला सोबत हवी होती. रांग मोठी. पुढे भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला होता. हलक्या छपाईचा, खालच्या ओळींची शाई पसरलेली. असल्या तक्त्यावर ते लोकांची परीक्षा घेतात. आणि आतल्या खोलीतून एक माणूस डोळ्यावर पट्टी लावून बाहेर आला, त्याला दोघांनी धरले होते.

मला एकदम दुकानाचे कुलूप नीट लावले का याची शंका आली. ज्योतीरामला तसे सांगून निघालो.

"आरं हनीफराव, तुमचा नंबर आलाय की!"

"माझा तू घे."

कुलूप लावलेले होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फरहीनने आणखी एक सोय केली. 'सरकवणे'. फोटो किंचित डावी-उजवीकडे सरकवून नाकाची कड चौकटीच्या कडेवर आणायची, म्हणजे नाकाचा रंग गालात सांडत नाही. ही फार अक्कलहुशारीची गोष्ट आहे. तिला तसे सांगितले तर म्हणाली, "थँक्यू अब्बा, पण रंगाचं सांगा." तिच्या आवाजात झोप कमी वाटली.

रंगाचे सांगितले. अजून थोडा हवा.

तिने तीच आवृत्ती बंगळूरला पाठवली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बंगळूरचे उत्तर आले. त्यांनी उद्घाटनाच्या तयारीसाठी संचालकांचाच फोटो टाकून बघितला. रेषा उत्तम, नाक उत्तम, दुसऱ्या प्रोग्रामपेक्षा कितीतरी चांगले. परंतु संचालक निळे आले आहेत. महिनाअखेरपर्यंत दुरुस्त झाले तर बघू, नाहीतर दुसरा प्रोग्राम ठेवू.

फरहीन रडत नव्हती. रडली असती तर बरे होते. मी म्हणालो, "त्यांच्या टीव्हीची ट्यूब तपासायला सांग."

"अब्बा, तुम्हाला खरंच निळा कमी दिसतो?"

"मी चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केलेत."

"ते नाही विचारलं मी."

मी फोन कनीजकडे दिला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

फरहीन न सांगता दुकानात आली. मी नमाज पढून नुकताच शटर वर करून बसलो होतो. पडद्यावर लोणावळा होता. ती दारातच उभी राहिली. आधी टीव्हीकडे बघितले, मग माझ्याकडे, मग परत टीव्हीकडे.

"अब्बा, हा कुर्ता कुठला?"

"पांढरा. गेल्या ईदचा."

ज्योतीराम खुर्चीतून म्हणाला, "पोरी, म्या कवाधरनं सांगतोय, पन ह्यांस्नी पटंना. रंगपंचमीला अजून टाइम हाय म्हनलं."

ती हसली नाही. मला घरी घेऊन आली. कनीजचा शिलाईचा डबा काढला, त्यातली दोऱ्याची रिळे माझ्यापुढे ओतली आणि म्हणाली, "यातली काळी वेगळी करा."

मी बघितले. "सगळीच काळी आहेत. एवढी काळी कशाला आणलीस?" असे कनीजला विचारले.

कनीज खाली बसली. "निम्मी निळी आहेत," ती म्हणाली. तिने एक एक रीळ उचलून दोन ढीग केले. मी दोन्ही ढिगांकडे बघत होतो. खिडकीशी नेऊन बघितले. दोन ढीग, एकच रंग.

कनीज म्हणाली, "आणि मी महिनाभर नीळ ओततेय."

फरहीनने माझ्या हातातले रीळ काढून घेतले. निळ्यांच्या ढिगात ठेवले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुकानात गेलो नाही. दिव्यांचे काटे, शिबिराचा तक्ता, विटलेला दुपट्टा, सगळे एकेक करून आठवते आहे. तिने जगातल्या सगळ्यांचे ऐकायचे सोडून माझे ऐकले.

तरी ट्यूबही थोडी गेलेली असू शकते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत दिव्याचा झोत मारला. मोतीबिंदू. दोन्हीकडे, चांगला पिकलेला. म्हणाल्या, "काका, तुम्ही कधीपासून चहाच्या रंगाच्या काचेतून जग बघताय. निळा रंग ती काच गिळते."

मी विचारले, औषधाने विरघळतो का? नाही. गाजराने? नाही. पावसाळ्यानंतर केले तर? फरहीन म्हणाली, "शुक्रवारी करू या, डॉक्टर. उजवा." मला कोणी विचारले नाही.

बाहेर आल्यावर तिला म्हणालो, "उघडल्यावर काहीच दिसलं नाही तर?"

"तर कनीज बेगम काय सांगतील तेच पांढरं समजायचं," ती म्हणाली. आईवर गेली आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कनीज लिहिते आहे, मी सांगतो आहे. उजव्या डोळ्यावर पट्टी आहे. ऑपरेशनला चहा निवायला लागतो तेवढाच वेळ लागला. दुखले नाही. मी ओरडलो ते डॉक्टरीणबाईंचा हात गार होता म्हणून. (तीनदा ओरडले. कनीज.)

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पट्टी सुटून तीन दिवस झाले. काळा चष्मा लावून आज दुकानात गेलो. वाटेत सगळे रंगवून काढल्यासारखे होते. प्लास्टिकच्या बादल्या टांगलेले दुकान आहे चौकात, तिथे उभाच राहिलो. दुकानदार म्हणाला, "काका, कुठली देऊ?" बादली घ्यावी लागली.

टीव्ही लावला. लोणावळा आला.

सगळा पडदा पोहायच्या तलावासारखा निळा. डोंगर निळे, मी निळा, कनीजचे ओठ ज्योतीराम म्हणाला तसेच. तिचा दुपट्टा तर दिसतच नव्हता, कारण त्याच्या आजूबाजूला निळ्याशिवाय काही नव्हते. उजवा डोळा झाकून डाव्याने बघितले. एकदम बरोबर. दुपट्टा अस्मानी, बाकी सगळे जागच्या जागी. परत उजव्याने. तलाव.

स्क्रू मागे घ्यावा म्हणून आरसा लावला. आरशात टीव्ही दिसायच्या आधी मीच दिसलो. अंगात जुम्म्याचा कुर्ता होता, पहाटेच्या अंधारात पांढरा समजून घातलेला, तोही तलावाच्याच रंगाचा.

बराच वेळ स्क्रूला हात लावला नाही. मग लावला आणि निळा आधी होता तिथे परत आणला. ट्यूब गेली नाही. ट्यूबला काही झालेलेच नव्हते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस फरहीन दुकानातच बसून होती. ती पारडे हलके करायची, मी वायर लावायचो, किर्रर्र व्हायचे, मी उजव्या डोळ्याने बघून सांगायचो. मी "कमी" म्हटले की ती म्हणायची, "कसम?" मी "कसम" म्हटले की पुढे जायची. तिने तिच्या डोळ्यांनीही बघितले. आता ती बघतेच.

शेवटी दुपट्टा आला. लोणावळ्याला दुकानदाराने घडी मोडून दाखवला होता तसा. आवृत्ती बंगळूरला गेली.

५ मार्च, बुधवार

रोजे सुरू झाले आहेत. डोळ्यात थेंब घातले तर रोजा मोडतो का याची काळजी होती. मौलाना म्हणाले, मोडत नाही. परत विचारले. परत म्हणाले, मोडत नाही. तिसऱ्यांदा गेलो तर उठून आत गेले.

बंगळूरचे काही नाही. फरहीन मात्र वेगळ्याच नादात आहे. ती म्हणाली, "अब्बा, हे कॉम्प्युटर जपणारे लोक कोण आहेत? तरुणपणी ज्यांनी ते घेतले ते. आता सगळे तुमच्या वयाचे आहेत. त्यातल्या कितींना मोतीबिंदू असेल?"

तर नवी सोय करायची आहे, नाव 'नजर'. पडद्यावर रेडिओसारखी एक खुंटी असेल, ती फिरवायची. एका टोकाला तरुण डोळा, दुसऱ्या टोकाला माझा डावा. ज्याला जसे दिसते त्याने तशी फिरवून घ्यावी. हे मोजायला एकाच माणसाचे दोन वेगळे डोळे लागतात, आणि डाव्याचे ऑपरेशन ईदनंतर आहे. म्हणजे तोवर तो कामाचा आहे.

डाव्या डोळ्याबद्दल एवढे चांगले कोणी बोलले नव्हते.

१२ मार्च, बुधवार

रोज सकाळी काम चालते. उजव्याने बघायचे, लक्षात ठेवायचे, डाव्याने बघायचे, ती निळा वाढवत जाते, दोन्ही सारखे झाले की थांबवायचे. ज्योतीराम समोर बसून मला डोळे आलटून पालटून झाकताना बघतो. म्हणाला, "हनीफराव, रस्त्यावर नका करू ह्ये. बायामानसं जात्यात."

१६ मार्च, रविवार

बंगळूरचे पत्र आले. मंजूर. फरहीनचा प्रोग्राम ठेवला, नोकरीही दिली. संचालकांनी आपला फोटो पडद्यावर घेऊन तो परत मोबाइलवर काढला आणि पाठवला आहे. माणूस गहूवर्णी आहे, मिशी आहे. मला वाटले होते त्यापेक्षा तरुण निघाला.

फरहीन फोनवर रडली. कनीजही रडली. मला डोळ्यात पाणी येऊ द्यायचे नाही असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले आहे का, ते आठवेना, म्हणून बाहेर जाऊन उभा राहिलो.

१९ मार्च, बुधवार

नवी आवृत्ती बाहेर पडली, 'नजर'सकट. लोकांनी चांगले म्हटले. हेल्मुट साहेबांनी मात्र लिहिले की चौकट बिघडवलीत, निळा परत मळका केलात. फरहीनने त्यांना खुंटी फिरवायला सांगितली. त्यांनी फिरवली, पार शेवटपर्यंत. मग लिहिले, आता ठीक.

शेवटचे टोक म्हणजे माझा डावा डोळा.

मी म्हणालो, "त्यांना पत्र लिही. माझ्या नावाने लिही." आणि सांगितले ते असे. साहेब, तुम्ही माझ्या नजरेची तारीफ केली होतीत. ती नजर नव्हती, मोतीबिंदू होता. कृपया डोळे तपासून घ्या. घरी काळ्या आणि निळ्या दोऱ्याची रिळे असतील तर आधी ती वेगळी करून बघा.

२२ मार्च, शनिवार

हेल्मुट साहेबांचे उत्तर. त्यांचे डोळे उत्तम आहेत. त्यांच्या गावातले रस्त्यावरचे दिवे मात्र अलीकडे फार वाईट लावले आहेत.

फरहीन हसली. मला हसू आले नाही. माणूस घाबरलेला आहे.

२५ मार्च, मंगळवार

कनीजने विचारले, "ईद झाली की डाव्याची तारीख घ्यायची ना?"

मी म्हणालो, "फरहीनला तो अजून लागतोय."

कनीजने तिथल्या तिथे फोन लावला. फरहीन म्हणाली, तिचे मोजमाप कधीच संपले.

पण प्रोग्रामचा भरवसा नसतो. उद्या काही बिघाड झाला आणि परत मोजायची वेळ आली तर? एक डोळा हाताशी असलेला बरा. तसा डाव्याचा मला काही त्रास नाही. उजव्याने सगळे दिसतेच. पावसाळ्यानंतर बघू, किंवा थंडीत. थंडीत जखम लवकर भरते असे म्हणतात.

२८ मार्च, शुक्रवार

ईदचा कुर्ता कनीजने धुतला. नीळ बोटाच्या टोकावर घेऊन मला दाखवली, मग पाण्यात घातली. "एवढीच," ती म्हणाली. "बास," मी म्हणालो.

दुपारी फरहीन दुकानात आली. हेल्मुट साहेबांचे पत्र होते. या खेपेला चौकटीबद्दल काही नव्हते. त्यांनी रिळे करून बघितली. बायकोच्या पश्चात तिचा डबा तसाच ठेवलेला होता, तो पहिल्यांदा उघडला. शेजारीण बघायला बोलावली. तिने दोन ढीग केले.

पुढे दोनच प्रश्न होते. दुखते का? आणि तुम्ही तुमचा दुसरा डोळा कधी करताय?

फरहीनने मोबाइल हातात धरला होता. "काय लिहू, अब्बा?"

"लिही, दुखत नाही. डॉक्टरीणबाईंचा हात तेवढा गार असतो."

तिने लिहिले. "आणि दुसरं?"

ज्योतीराम खुर्चीत होता, तोही वर्तमानपत्र खाली घेऊन बघत होता. पडद्यावर लोणावळा होता. उजवा डोळा झाकला आणि डाव्याने कनीजच्या दुपट्ट्याकडे बघितले. राख.

घरच्यांना काहीही सांगून वेळ मारून नेता येते. हा माणूस तिकडे एकटा, डबा उघडून बसला आहे.

"थांब," मी फरहीनला म्हणालो. "आधी दवाखान्यात फोन लाव. तारीख घेऊनच लिही."